पासवर्ड रीसेट केला, तरी लॉगिन होत नाही?

नागपुरात सीताबर्डीच्या ऑफिसात बसून बुटीबोरीच्या प्लांटमधल्या माणसाचा पासवर्ड रीसेट केला, की थोड्या वेळात फोन येतोच: "भाऊ, नाही घेऊन राहिला ना!" त्यावर "रीस्टार्ट मारा" एवढंच सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ही गोष्ट विंडोज डोमेनची आहे, म्हणजे जिथे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एकाच ठिकाणी, सर्व्हरवर सांभाळले जातात.

आधी कारण बघा. ज्या मशीनवर लॉगिन फसलं, तिथल्या सिक्युरिटी लॉगमध्ये (इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंदवही) ४६२५ नंबरचा इव्हेंट, म्हणजे नोंद, असते. त्यात सब स्टेटस या कोडच्या शेवटी ६४ असेल तर युजरनेम चुकलं, ६ए असेल तर पासवर्ड, ७२ म्हणजे खातं डिसेबल, २३४ म्हणजे लॉक.

मशीनचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापेक्षा ५ मिनिटांहून जास्त पुढेमागे असेल तर जुळवा. फक्त रिमोट डेस्कटॉपवरून येणाऱ्याला "पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला" ही टिक लावू नका. एनएलए (डेस्कटॉप दिसण्याआधीच होणारी पासवर्ड तपासणी) चालू असेल तर तो दारातच अडकतो.

आता खरी डोकेदुखी: अनलॉक केलं की पाच मिनिटांत पुन्हा लॉक. मी एका स्टोअरकीपरचं खातं एका दिवसात अकरा वेळा अनलॉक केलं होतं. निव्वळ मूर्खपणा. सर्व्हरला नवा पासवर्ड माहीत असतो, पण जुना कुठेतरी जिवंत असतो आणि तोच दार ठोकत राहतो. तो शोधल्याशिवाय अनलॉकला हात लावू नका. डोमेन कंट्रोलर म्हणजे खाती सांभाळणारे सर्व्हर; त्यातल्या ज्याच्याकडे पीडीसी एम्युलेटरचा रोल आहे, म्हणजे जिथे सगळ्या लॉकची नोंद पोचते, त्यावर ४७४० इव्हेंट उघडा. "कॉलर कॉम्प्युटर नेम"मध्ये गुन्हेगाराचा पत्ता असतो.

लॅपटॉपचं नाव आलं तर त्यावर क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोजने साठवलेले पासवर्ड), मॅप केलेले ड्राइव्ह (जोडून ठेवलेले नेटवर्क फोल्डर) आणि शेड्युल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तपासा. लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कबाहेर असेल तर विंडोज कॅशमधला, म्हणजे लॅपटॉपवरच लक्षात ठेवलेला, जुनाच पासवर्ड मानतं, नवा नाकारतं. म्हणून क्रम पाळा: जुन्या पासवर्डने आत या, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात नेणारी जोडणी) नव्या पासवर्डने जोडा, आणि लगेच विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करून नव्या पासवर्डने उघडा. लगेच म्हणजे लगेच. मधे चहाला गेलात तर जुनं सेशन जुनाच पासवर्ड पाठवत बसतं आणि खातं पुन्हा लॉक. व्हीपीएन न जोडता रीस्टार्ट केलं तर कॅश तशीच राहते, पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या स्टोअरकीपरच्या वेळी मात्र नाव आलं ते मेल सर्व्हरचं. म्हणजे त्या सर्व्हरवरून मेल घेणारा कुठलातरी फोन. त्याचा फोन तपासला, काही नाही. मग आठवलं त्याला: काच तडकलेला जुना फोन पोराला गेम खेळायला दिला होता, आणि ऑफिसचा मेल त्यात तसाच होता. आता रीसेट करण्याआधीच विचारतो, "ऑफिसचा मेल किती फोनवर आहे? पोरांचे धरून सांगा."