ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घेताय? आधी पॉइंट कुठे उडवणार ते ठरवा

कुठलं कार्ड घेऊ म्हटलं की लोक लगेच विमानतळावरचे लाउंज मोजायला लागतात. अहो, तिथला गार उपमा वर्षातून किती वेळा खाणार? खरा प्रश्न हा की जमलेले पॉइंट तुम्ही वापरणार कसे, कारण कार्ड त्यावरच ठरतं.

फार डोकं लावायचं नसेल, सरळ तिकीट काढायचं असेल तर एचडीएफसीचं डायनर्स ब्लॅक बघा (त्यांचंच वरचं कार्ड इन्फिनिया मिळालं तर उत्तमच, पण ते बँकेच्या मनावर). वर्षाची फी 10,000, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 11,800. दर 150 रुपयांना 5 पॉइंट, म्हणजे 6 लाखांवर 20,000 पॉइंट, आणि हे स्मार्टबायवर (एचडीएफसीची बुकिंग साइट) विमान-हॉटेलला वापरले तर पॉइंटला एक रुपया पण तेच कंटाळा करून बिलात वळते केले तर 30 पैसे, म्हणजे 20,000 चे झाले 6,000! शिवाय तिकिटाची सगळी रक्कम पॉइंटमधून जात नाही, 70 टक्क्यांपर्यंतच जाते, बाकी खिशातून. आणि डायनर्स छोट्या दुकानांत कधीकधी चालत नाही, तेव्हा सोबत दुसरं कार्ड ठेवाच.

आता अ‍ॅक्सिसचं अ‍ॅटलस. फी 5,000 अधिक जीएसटी. एअरलाइन किंवा हॉटेलच्या साइटवरून थेट बुकिंग केलं की 100 रुपयांना 5 माइल्स, म्हणजे या कार्डाचे पॉइंट (महिन्याला 2 लाखांपर्यंतच्या खर्चावर), इतर खर्चावर 2. मजा पुढे आहे, सिंगापूर एअरलाइन्ससारख्या बऱ्याच पार्टनरांकडे वळवले की एका माइलचे त्यांचे दोन पॉइंट होतात, पण त्यासाठी अवॉर्ड सीट (पॉइंटवर मिळणारी विमानातली जागा) शोधत बसायची तयारी हवी, तारखा पुढेमागे करता यायला हव्यात. दोन शाळकरी पोरं असतील आणि फक्त मे महिन्यातच सुट्टी मिळत असेल तर माझ्या मते हा नाद नको.

घेण्याआधी वर्षभराची स्टेटमेंट काढा आणि भाडं, पेट्रोल, वॉलेट वजा करा. अ‍ॅटलसवर तर विमा, सोनं, लाइटबिल यांनाही काही मिळत नाही. उरलेल्या खर्चावर हिशोब मांडा, फी वजा करा, मग बोला. बिल पूर्ण भरत नसाल तर हे सगळं विसरा, कार्डाच्या चढ्या व्याजापुढे कुठलेच पॉइंट टिकत नाहीत.

परदेशात स्वाइप करणार असाल तर फॉरेक्स मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) बघा, डायनर्स ब्लॅकवर 2 टक्के, अ‍ॅटलसवर 3.5, दोन्हीवर वर जीएसटी. अ‍ॅटलसवाल्यांनी तिकडच्या किरकोळ खर्चाला दुसरंच कार्ड न्यावं.