ट्यूडर-स्टुअर्ट इंग्लंडचा अभ्यास: आधी अक्षर, मग विषय

मोडी येत नसेल तर पेशवे दप्तराच्या वाटेला जायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. १५०० ते १७०० मधल्या, म्हणजे ट्यूडर आणि स्टुअर्ट राजघराण्यांच्या इंग्लंडबद्दल मात्र ‘इंग्रजीच तर आहे’ असं म्हणत मुलं थेट पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसतात, आणि पहिल्याच वर्षी अडकतात.

त्या काळातलं रोजच्या कागदांचं वळण म्हणजे सेक्रेटरी हँड. त्यातला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो, ‘ई’ उलटा वळतो, ‘एच’चं शेपूट ओळीखाली उतरतं, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात. ‘वाय’वर बारीक ‘ई’ दिसला तर ते ‘ये’ नव्हे, ‘द’ आहे. लंडनच्या केव भागातल्या नॅशनल अर्काइव्हजचा १५०० ते १८०० च्या हस्ताक्षरांवरचा मोफत ऑनलाइन पाठ आहे. सुरुवात तिथून करा. रोज एक पान उतरवलं तर सहाएक महिन्यांत हात बसतो. शब्द लागला नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. अर्थ जुळतो म्हणून शब्द बसवून टाकणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक, कारण तीच पुढे प्रबंधात अवतरण म्हणून जाते.

लॅटिन किती लागेल ते विषयावर आहे. कॉमन लॉ (रूढी आणि आधीच्या निवाड्यांवर उभा असलेला इंग्लंडचा कायदा) न्यायालयांच्या नोंदी, १६५१ ते १६६० हा काळ सोडला तर, १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये होत्या. चर्चच्या न्यायालयांत साक्षीदाराची जबानी इंग्रजीत असते, भोवतीची ठरीव वाक्यं लॅटिन. जबान्यांवर काम करणाऱ्याचं थोडक्या लॅटिनवर भागतं. कॉमन लॉच्या नोंदींवर काम करणाऱ्याचं नाही.

तारखांनी भलेभले फसतात. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा म्हणतो. त्या वेळच्या कागदावर साल १६४८ आहे. म्हणून १६४८/९ असं लिहायची पद्धत. शिवाय इंग्लंड जुनी ज्युलियन गणना पाळायचं आणि पॅरिस नवी ग्रेगोरियन, म्हणून सतराव्या शतकात इंग्लंडची तारीख पॅरिसच्या दहा दिवस मागे. हे विसरलं तर पॅरिसच्या पत्राला लंडनहून आधीच उत्तर गेलेलं दिसतं! शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही याच जुन्या गणनेतली. नव्या गणनेने ती १६ जून येते.

व्हिक्टोरियन काळात सरकारी कागदांचे छापील सारांश निघाले, त्यांना ‘कॅलेंडर’ म्हणतात. ते फक्त सूची म्हणून वापरा. संपादकाला बिनमहत्त्वाचा वाटलेला मजकूर त्यांत गाळलेला असतो, आणि बहुधा तुम्हाला नेमका तोच हवा असतो.

केवला वाचक-कार्ड काढावं लागतं, आत फक्त पेन्सिल चालते, स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो फुकट काढता येतात. अनेक काउंटी रेकॉर्ड ऑफिसांत (जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत) फोटोचे रोजाप्रमाणे पैसे पडतात. प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला फोटो त्याच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा काढा आणि पानाची मागची बाजू सोडू नका. पत्र कुणाचं, कधी मिळालं, हे कारकून तिथेच लिहून ठेवायचा.

ब्रिटनमधली पीएचडी तीन ते चार वर्षांची, प्रबंध साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांचा, शेवटी दोन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. खरी ओढाताण त्यानंतर. कायम नोकऱ्या थोड्या, उमेदवार पुष्कळ. मधली काही वर्षं नऊ-दहा महिन्यांच्या शिकवण्याच्या करारांवर जातात, आणि त्यातच प्रबंधाचं पुस्तक करायचं असतं. नुसत्या ट्यूडर दरबारावरचा उमेदवार आता मागे पडतो, कारण जाहिराती बऱ्याचदा ‘ब्रिटन आणि जग’ अशा रुंद असतात. मराठी वाचकाची जमेची बाजू इथे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत-मुंबईच्या वखारींचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. सेक्रेटरी हँड आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसं विरळाच.

ऑक्टोबरचा प्रवेश हवा तर अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या डिसेंबर-जानेवारीत जातात. मार्गदर्शकाला त्याआधीच, सप्टेंबरच्या सुमारास, ईमेल करा. त्यात काळाची थोरवी नको. कुठल्या दप्तरखान्यातली कागदांची कुठली मालिका वाचणार आणि ती आजवर कुणी का वाचली नाही, एवढं लिहा.