क्राइम थ्रिलर मुलांना चालेल का? ठरवताना या चुका टाळा

"आई, वर्गातल्या सगळ्यांनी बघितलीय, मी बघू?" तेरा-चौदा वर्षांचं मूल घरात असलं की हा प्रश्न येतोच. आपण पोस्टरवरचा वयाचा आकडा बघतो आणि हो किंवा नाही म्हणून मोकळे होतो. पहिली चूक तिथेच होते.

थिएटरमधल्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं, ओटीटीवरच्या मालिकेचं तसं नाही. २०२१च्या नियमांनुसार यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए यांपैकी कोणता गट लावायचा हे ती कंपनीच ठरवते. आकड्याजवळ बारीक अक्षरांत कारणं दिलेली असतात: हिंसा, शिव्या, आत्महत्या. ती ओळ आधी वाचा. शिव्यांमुळे १६+ आणि आत्महत्येमुळे १६+ या माझ्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याहून मोठी चूक म्हणजे फक्त रक्त बघून ठरवणं. २०२५ची चार भागांची ब्रिटिश मालिका 'ॲडोलेसन्स' घ्या. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. रक्तपात फारसा दिसत नाही, पण तिसऱ्या भागात तो मानसशास्त्रज्ञासमोर बसून बोलतो, ते ऐकताना मोठ्यांच्याही पोटात कालवतं. तरी ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांना ती मोफत दाखवायची सोय झाली. दुसऱ्या भागात मुलं एकमेकांना टाकतात त्या इमोजींचा खरा अर्थ तपास अधिकाऱ्याला स्वतःच्या मुलाकडून कळतो! पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर मी ती शेजारी बसून बघेन, त्याला एकट्याला लावून देणार नाही. उलट, खुनी पडद्यावर आला की दणदणीत संगीत वाजतं, आणि मेलेली मुलगी म्हणजे नुसता मृतदेह, तिला ना घर ना आईबाप, अशी मालिका १३+ असली तरी मी थांबवेन. कथा कोणाच्या बाजूने उभी आहे, हे बघायला हवं.

ट्रेलर किंवा पहिल्या भागावरून ठरवू नका. सगळ्यात जड दृश्यं बऱ्याचदा शेवटाकडे येतात. निदान मधला एक आणि शेवटचा भाग आपण आधी बघावा.

मुलाच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालतो, पण आपल्या प्रोफाइलला पिन लावायचं राहून जातं. मग मूल सरळ आपल्या नावावर टिचकी मारतं. पिन आजच लावा. पुढचा भाग आपोआप सुरू होणंही बंद करा.

आणि लपून बघितलेलं कळलं तर रिमोट हिसकावू नका. "कोणतं दृश्य डोक्यातून जात नाहीये?" एवढंच विचारा. उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी, भाजी निवडताना येईल.