फूल नसताना कुंपणाची झाडं कशी ओळखावीत

वाशी-नेरूळमधली रो-हाऊस असोत की घोडबंदर रोडवरची सोसायटी, फाटकालगतचं कुंपण बहुतेक वेळा कंबरेइतकं कातरलेलं असतं. यातल्या बऱ्याच झाडांना फुलं फांदीच्या टोकाला येतात आणि कात्री नेमकी टोकंच उडवते. त्यामुळे फुलाची वाट पाहण्यात अर्थ नाही. रंगावरही जाऊ नका, कारण पिवळाधमक डुरांटा इमारतीच्या सावलीत वाढला की हिरवट होतो. पानं फांदीवर कशी बसलीत, तोडल्यावर चीक येतो का आणि चुरगाळल्यावर कसला वास येतो, हे मात्र कातरण्याने बदलत नाही. ओळख तिथूनच सुरू करावी.

फांदी कुठली घ्यावी

वीतभर लांबीची, न कातरलेली फांदी शोधा. कुंपणाच्या आतल्या बाजूला किंवा बुंध्यालगत अशी एखादी सापडतेच. शेंड्याची कोवळी दोन-तीन पानं सोडून त्याखालची पानं पाहा. कोवळ्या पानाचा आकार आणि रंग दोन्ही फसवतात. सोबत साधं भिंग असू द्या. चिकाची परीक्षा सकाळी करावी, कारण दुपारच्या उन्हात कोमेजलेल्या फांदीतून चीक कमी येतो आणि 'चीक नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पान चाखून बघू नका. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही जहाल विषारी आहेत. चीक लागलेला हात डोळ्याला न लावता साबणाने धुवा.

आधी डोळा शोधा

सर्वांत जास्त गफलत इथे होते. पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात बारीक डोळा, म्हणजे कळी असते. संयुक्त पानाच्या, म्हणजे एकाच दांडीवर अनेक छोट्या पर्णिका असलेल्या पानाच्या, पर्णिकांच्या बुडाशी तो नसतो. कुंतीच्या कुंपणात आपल्याला जी बारीक पानं वाटतात त्या खरं तर पर्णिका असतात. तीन ते नऊ पर्णिका मिळून एक पान होतं आणि डोळा त्या सगळ्या दांडीच्या बुडाशी एकच असतो. एक पर्णिका उन्हासमोर धरा. सुईने टोचल्यासारखे उजळ ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. चुरगाळली तर लिंबाच्या पानाच्या जवळचा वास येतो, कारण कुंती लिंबाच्याच कुळातली. कढीपत्ताही त्याच कुळातला, पण त्याच्या एका पानाला पर्णिका दहापेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि त्याचा वास कोणाला सांगायला नको.

डोळा सापडला की पानांची मांडणी बघा. एका पेरावर समोरासमोर दोन पानं, एका पेरावर तीन, की एकाआड एक?

समोरासमोर पानं असतील तर

कातरून चौकोनी केलेल्या कुठल्याही कुंपणाला 'मेंदी' म्हणण्याची सवय आहे. पण ते बऱ्याचदा कोयनेल असतं. दोघांची पानं समोरासमोर आणि गुळगुळीत कडांची. मेंदीचं पान मात्र लहान, दोन-चार सेंटीमीटरचं, जवळजवळ बिनदेठाचं. कोयनेलचं पान त्याहून मोठं, जाडसर, तुकतुकीत, आणि त्याला देठ स्पष्ट असतो. तरी शंका राहिली तर मूठभर पानं थोड्या पाण्यात वाटून तळहातावर अर्धा-एक तास ठेवा. नारिंगी डाग उमटला तर मेंदी. कोयनेलचा आणखी एक पुरावा ठाण्याच्या खाडीकाठी मिळतो. खारफुटीच्या कडेला ते आपोआप वाढतं, त्यामुळे खाडीलगतच्या इमारतींच्या खारट मातीतही तग धरून राहतं. न कातरलेल्या फांदीवर पांढरी नळीसारखी फुलं येतात आणि त्यातून जांभळट पुंकेसर लांब बाहेर डोकावतात.

डुरांटाच्या पानाला टोकाकडच्या अर्ध्या भागात दाते असतात, बेचक्यात कधी काटेही. त्याची पिवळी फळं विषारी आहेत. घरात लहान मूल असेल तर हे लक्षात ठेवा.

तगर आणि अनंत यांची गल्लत तर नेहमीचीच. पान तोडा. पांढरा चीक ओघळला तर तगर. चीक नसेल आणि पेराला पातळ पापुद्र्याची टोपी वेढून बसलेली असेल तर अनंत. एक्झोरालाही चीक नसतो. त्याच्या दोन समोरासमोरच्या पानांमध्ये फांदीवर टोकदार उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी असणारं पानासारखं छोटं खवलं, दिसतं आणि पानाला देठ जवळजवळ नसतो. खरखरीत पान, चौकोनी फांदी आणि उग्र वास असेल तर ती घाणेरी. ती बहुधा कुणी लावलेली नसते. पक्षी तिची फळं खातात आणि बिया कुंपणात पडतात. लहान असतानाच मुळासकट काढा, नाहीतर मूळ झाडाला ती दाबून टाकते.

तीन-तीन किंवा एकाआड एक

एका पेरावर तीन अरुंद, चिवट पानं दिसली तर कण्हेर. तशीच अरुंद पानं एकाआड एक आणि तोडल्यावर भरपूर दुधी चीक, तर पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. तीन-तीन पानं पण मऊ, रुंद, देठ लालसर, तर हॅमेलिया.

एकाआड एक पानांमध्ये जास्वंद सोपी: पान पाण्यात चोळलं की बोटांना बुळबुळीत लागतं. बोगनवेलीला बेचक्यात काटा असतो आणि चीक नसतो. फायकसला चीक येतो, शेंड्याला सुईसारखं टोकदार आवरण असतं आणि ते गळून पडलं की फांदीभोवती बारीक कडं उरतं. अकॅलिफाची पानं तांबूस, दातेरी. क्रोटन तर लांबूनच ओळखू येतो.

तरीही नक्की होत नसेल तर

कुंपणाचा मीटरभर भाग दोन-तीन महिने कातरू नका. फुलं आली की खात्री होते. जुन्या कुंपणात मेलेल्या रोपांच्या जागी माळ्याने मिळेल ते झाड लावलेलं असतं. म्हणून एकाच फांदीवरून सगळ्या कुंपणाला नाव देऊ नका. दर दोन मीटरवर नवी फांदी तपासा, आणि जिथे पानांची मांडणी बदलेल तिथे सुतळीची खूण बांधून ठेवा.