डिकीत माशाचं पाणी सांडलंय? आधी स्टेपनी काढा

हर्णैच्या लिलावात दोन सुरमया आणि थोडे बांगडे घेतले, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरला आणि खोकं डिकीत टाकून ताम्हिणीमार्गे पुण्याला आलो. घाटात खोकं कधी कलंडलं, पत्ताच लागला नाही. त्यानंतर डिकी तीनदा धुतली आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी वास हजर. आता मेव्हण्याने तोच पराक्रम केलाय. पाण्याची बादली भरायच्या आधी त्याने काय काय जमवायचं ते लिहितो.

सगळ्यात आधी दोन कोरडे, कडक उन्हाचे दिवस. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका. ओला कार्पेट सुकला नाही तर माशाच्या वासात कुबट वासाची भर पडते. जुने टॉवेल चार-पाच, ब्रश, हातमोजे, हे सांगायला नको. विजेरी मात्र हवी, कारण स्टेपनीच्या खड्ड्यात काही दिसत नाही. हो, स्टेपनी. डिकीचा कार्पेट उचला, खालची फळी उचला, मधला बोल्ट फिरवून चाक बाहेर काढा. मी तीनदा वरचा कार्पेटच घासत बसलो होतो. शेवटी चाक काढलं तेव्हा खाली दोन बोटं काळपट पाणी, त्यात खवले तरंगतायत आणि जॅक गंजलेला. वरून कितीही घासा, पाणी उताराने तिथेच जातं. बऱ्याच गाड्यांत त्या खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. ते काढलं की पाणी वाहून जातं. बूच खिशात ठेवा, हरवतं.

पाणी थंडच घ्या. गरम पाण्याने रक्ताचा डाग अंड्यासारखा शिजतो आणि धाग्यात घट्ट बसतो. ओलं शोषणारा व्हॅक्यूम वॉशिंग सेंटरवाल्याकडे मिळतो का बघा. नसेल तर टॉवेल टाकून त्यावर उभे राहा. चोळू नका, दाबा. कार्पेटखालचा जाड थरही दाबून बघा, पाणी तोच धरून ठेवतो.

मग एन्झाइमवालं क्लीनर. कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात मुताच्या डागांसाठी विकतात, तेच. बाटलीवर प्रथिनांच्या डागांवर चालतं असं लिहिलंय ना, एवढं पाहा. फवारून लगेच पुसलंत तर पैसे पाण्यात. प्लास्टिकने झाकून काही तास ओलं राहू द्या. त्याआधी फिनेल, ब्लीच काहीही मारू नका, एन्झाइम निकामी होतं. आणि ब्लीच-व्हिनेगर एकत्र तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. स्टेपनीच्या खड्ड्यातही फवारा. चाकालाही. चाक पुसायचं राहिलं की वास त्याच्याबरोबर परत आत येतो.

पांढरं व्हिनेगर त्यानंतर, सगळं सुकल्यावर, निम्मं पाणी घालून. माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा, तो अल्कधर्मी. आम्ल लागलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. बांगड्याला आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू चोळतो तेव्हाही हेच होतं. आधी कोपऱ्यात थोडं लावून रंग जातो का बघा. खाण्याचा सोडा शेवटी, कोरड्या कार्पेटवर, रात्रभर. व्हिनेगर ओलं असताना सोडा टाकून फेस काढतात तो नुसता तमाशा, दोघं एकमेकांना मारतात. मासे मसाला लावलेले असतील तर जपून, सोड्याने हळदीचा डाग लालभडक होतो. हळद उन्हानेच फिकी पडते.

सुगंधी डब्या आणू नका. मोगरा अधिक बांगडा काय होतं, ते आमच्या घरच्यांना विचारा.

पाणी मागच्या सीटपर्यंत गेलं असेल तर सीट मेकॅनिककडूनच काढा. सीटखाली एअरबॅगच्या वायरी असू शकतात.

एसीचा केबिन फिल्टर बदला. काचा बोटभर उघड्या, डिकी उघडी, गाडी उन्हात. दोन दिवस. बूच परत लावा.

आणि स्टेपनी परत बसवा. माझी आठवडाभर गॅलरीत तुळशीशेजारी पडून होती, आणि मी साताऱ्याला जाऊन आलो.