वाळूत तंबू लावायचाय? मग पिशव्या घेऊन जा
जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्ककडे दोघंच तंबू घेऊन निघाला असाल तर ठाण्यातूनच चार-सहा रिकाम्या कापडी पिशव्या बॅगेत टाका, कारण कर्जतच्या मातीत गच्च बसणाऱ्या खुंट्या वाळूत जोराचा वारा आला की उपटून येतात. पिशवी वाळूने भरायची, तोंडाशी तंबूची दोरी बांधायची आणि हातभर खड्ड्यात पुरून वर वाळू दाबायची, बस्स. आमचे हे आधी हसले, मग रात्री टॉर्च लावून तेच खणत बसले! आणि हो, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, वाळू पटकन गार पडते, म्हणून अंगावर चादरी वाढवण्यापेक्षा अंगाखाली जाड फोम मॅट घाला. तंबू मात्र परवानगी असलेल्या जागीच लावा, तिथे दुर्मिळ माळढोक पक्षी आहेत.