जुन्या टीएलआरची (दोन लेन्सच्या फिल्म कॅमेऱ्याची) लेन्स खरंच शार्प आहे का, कसं बघायचं

याशिकामॅट १२४जी भारी की मिनोल्टा ऑटोकॉर्ड, या दोन जुन्या टीएलआरचा वाद घालण्याआधी दोन्हींचा फोकस बरोबर आहे का ते बघा, कारण टीएलआरमध्ये आपण वरच्या लेन्समधून बघतो आणि फोटो खालची काढते, त्या दोघींचं जमत नसेल तर बिचाऱ्या लेन्सला उगाच शिव्या बसतात. मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे टेकते त्या रेल्सवर घासलेली काच ठेवा (खरबरीत बाजू लेन्सकडे), शटर बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं) धरा आणि लुपने, म्हणजे भिंगाने बघा, वर शार्प तेच खाली शार्प दिसलं पाहिजे. मग टॉर्च मारून लेन्समध्ये धुकं, बुरशी आहे का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी काय, हमखास.

आता भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, फ्रेमच्या कोपऱ्यातसुद्धा येईल असं, ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची तार), दोन्हीत तीच १०० आयएसओची फिल्म, आणि ३.५, ५.६, ८, ११ अ‍ॅपर्चरवर (आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) एकेक फ्रेम. दोन्ही लेन्स चार काचांच्या, त्यामुळे ८ वर फरक शोधत बसाल, खरी गंमत ३.५ च्या कोपऱ्यात. स्कॅन नको, थेट निगेटिव्हच लुपने बघा, साधा स्कॅनर सगळ्यांनाच सारखं मऊ करतो.